मानेवरची तीन बोटं

दामले डॉक्टरांच्या गोष्टी मी फुगवून सांगतो, असा माझ्या बायकोचा जुना आरोप आहे. लखनौत नऊ वर्षं काढलेल्या माणसाला हा आरोप प्रशस्तिपत्रासारखा वाटतो. त्या शहरात रिक्षावालासुद्धा ‘पुढे रस्ता बंद आहे’ हे सांगण्याआधी तुमच्या तब्येतीची विचारपूस करतो, मग हवेची, मग स्वतःच्या सायकलीची, आणि तोवर रस्ता उघडलेला असतो. तेव्हा थोडं फुगेल. शेवटाकडे मात्र फुगणार नाही, कारण तिथे आलो की माझाच आवाज खाली जातो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मानकनगरला रेल्वेच्या कॉलनीत राहायचो आणि दामले तेलीबागेत. मूळचे मिरजेचे. लष्करात बावीस वर्षं खेचरांचे डॉक्टर होते. लखनौच्या छावणीतून निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. “मिरजेला का नाही गेलात?” असं विचारलं की म्हणायचे, “तिथे सगळे ओळखतात हो मला. शिवाय खेचरं नाहीत.” लग्न केलेलं नव्हतं. अंगाने इतके उंच की स्कूटरवर बसले की गुडघे हँडलच्या वर यायचे, आणि उजवीकडे वळायचं असेल तर ते उजवा गुडघा बाहेर काढायचे. मागच्या ट्रकवाल्यांना तो इशारा पाठ झाला होता. दरीपलीकडच्या खेचराला हाक मारून मारून आवाज असा झाला होता की ते तेलीबागेत शिंकले की चारबाग स्टेशनात उभी असलेली गाडी सुटायची.

हा माणूस कुत्रीपुढे बसला की मात्र आवाज एकदम देवघरातला व्हायचा. प्रत्येक कुत्रीला ‘ताई’ म्हणायचे आणि तिच्याशी मराठीतच बोलायचे. “या ताई, बसा. घाबरू नका. आम्हीही घाबरलेलेच आहोत.” मी एकदा विचारलं, “अहो, लखनौच्या कुत्र्यांना मराठी काय कळणार?” तर म्हणाले, “खेचरांना कळायचं. ती तर नेपाळच्या सरहद्दीवरची होती.”

आमची ओळख चिंगीमुळे झाली. चिंगी आमची कुत्री. काळीभोर, अर्धी पामेरियन आणि अर्धी संपूर्ण मोहल्ल्याची. तिला पहिल्यांदा टोचायचं होतं तेव्हा मी तिला धरलं होतं. दामले माझ्या हातांकडे बघत म्हणाले, “इंजिनीअर, तुमचे हात इंजिनीअरचे नाहीत. धरणाऱ्याचे आहेत.” तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्या स्कूटरवर मागे. मी धरायचं, त्यांनी टोचायचं. माझ्या नोकरीत एवढी उपयुक्त कामगिरी मी कधी केली नाही.

टोचायचं काय, तर हॉर्मोनचं इंजेक्शन. कुत्री हीटवर आली की फाटकाशी गल्लीतल्या कुत्र्यांची सभा भरते, आणि तीन आठवडे तहकूब होत नाही. अदबशीर घरांना ते सोसत नसे. ऑपरेशनला कोणी तयार नसे. एका गृहस्थांनी आम्हाला सांगितलं होतं, “जिस घर में बेटियाँ ब्याहनी हों, वहाँ बच्चेदानी नहीं निकलवाते, साहब.” मग उरली दर सहा महिन्यांनी एक सुई. दामले बाटली काखेत धरून ऊब देत, हलवत. पानाच्या डबीत कार्बोलिक साबणाची वडी असे. टोचण्याआधी हात धुवायचे, टोचून झाल्यावर परत धुवायचे. पाणी द्यायला कोणी आलं नाही तर टोचायचे नाहीत.

त्या औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद असे, आणि तो दामल्यांना तोंडपाठ होता. सुई मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेच्या घडीत द्यावी, असं त्यात होतं. कारण टोचल्या जागचे केस कधी गळतात, कधी पांढरे होतात, कातडी पातळ पडते. तिथे ते कोणाला दिसत नाही. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने लखनौतल्या निम्म्या कुत्र्यांच्या मानेत सुया दिल्या. त्याचं कारण हज़रतगंजच्या मागच्या गल्लीतली एक बैठक, म्हणजे आपला दिवाणखाना.

तिथे एक वकीलसाहेब राहायचे. म्हातारे, गोरे, शब्द निवडून बोलणारे. घरात ते, त्यांच्या बेगम आणि नगीना नावाची काळी लॅब्रेडोर. मूलबाळ नव्हतं. दामले पहिल्यांदा गेले तेव्हा गालिच्यावर नगीना बसलेली. दामले लष्करी शिस्तीत म्हणाले, “इसे पीठ के बल लिटाइए, टाँग उठानी पड़ेगी.” बेगमसाहिबांनी दुपट्टा सावरला आणि त्या उठून आत गेल्या. नोकर चहाचा ट्रे घेऊन येत होता, तो ट्रेसकट परत फिरला. वकीलसाहेब जरा खाकरले.

“डॉक्टर साहब, बुरा न मानिएगा. लड़की ज़ात है. और यह बैठक है.”

दामले सांगायचे, “मी बॉम्ब पडताना खेचराच्या पोटाखाली झोपलोय इंजिनीअर, पण एवढा घाम नाही फुटला.” त्यांनी मुकाट्याने नगीनाची मान डाव्या हातात उचलली आणि तिथेच सुई दिली. खेचराला मानेतच द्यायची सवय होतीच. कुत्री अंगाने मोठी, म्हणून औषध तीन ठिकाणी वाटून दिलं. वकीलसाहेब इतके प्रसन्न झाले की बेगम बाहेर आल्या, चहा आला, चहाबरोबर शामी कबाब आणि रेवड्या आल्या, आणि कोकणस्थ दामल्यांनी मान खाली घालून रेवड्या खाल्ल्या. आठवड्याभरात हज़रतगंजपासून तेलीबागेपर्यंत कीर्ती पसरली: डॉक्टर मराठी आहे, पण तमीज़दार आहे.

कीर्ती पसरली आणि मग डाग पसरले. सगळ्यांना नाही, आणि लगेचही नाही. एखादीला पहिल्याच सुईनंतर, एखादीला चौथ्या. मानेवर रेवडीएवढी जागा, आधी उघडी पडलेली, मग पांढऱ्या केसांची. एका वर्षी कुत्र्यांच्या प्रदर्शनात, मी मोजलं नाही, पण आलेल्या काळ्या कुत्र्यांपैकी निम्म्यांच्या मानेवर चंद्र उगवला होता. परीक्षक बाहेरगावचे. त्यांनी हा लखनौचा खास वाण समजून दोघींना बक्षीस दिलं. बायको म्हणते एकीलाच दिलं. असू दे.

दामले हसले नाहीत. ते प्रत्येक घरी माफी मागायला गेले, आणि तिथेच त्यांची पंचाईत झाली. लखनौत माफी मागता येत नाही. “साहब, यह मेरी ग़लती से...” एवढं तोंडातून निघालं की समोरचा कानाला हात लावतो. “अरे डॉक्टर साहब, शर्मिंदा न कीजिए, यह लीजिए, चाय ठंडी हो रही है.” अपराध ज्याचा त्याच्याकडेच राहतो, वर पोटात चहा. आणि पुढच्या खेपेला मांडीतच द्यायचं असं घोकत गेलं तरी बैठकीत कोणीतरी दुपट्टा सावरला की सुई परत मानेत.

आमच्याकडे चिंगीच्या मानेवर डाग आला तेव्हा बायकोने चहा वगैरे काही केला नाही.

“भावजी, हे तुमच्या सुईनं झालंय का?”

“हो वहिनी. चुकलं माझं.”

“मग आधीच नाही का सांगायचं?”

“इथे कोणी ऐकूनच घेत नाही हो.”

“मी घेतलं ऐकून. पुढच्या वेळी मांडीत द्या, मी कुठे आत पळून जाणारेय? आता हात धुवा आणि पानावर बसा.”

दामल्यांनी त्या दिवशी चार पोळ्या जास्त खाल्ल्या. जाताना दारात मला म्हणाले, “मराठीत किती लवकर होतं नाही?”

नगीनाच्या मानेवर मात्र दोन वर्षं काहीच आलं नव्हतं. वकीलसाहेब संध्याकाळी रुंद काठाची तपकिरी शाल खांद्यावर घेऊन बरामद्यात वेताच्या खुर्चीत बसायचे, शेजारी नगीना, आणि त्यांचा डावा हात तिच्या मानेवर. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, नाडी बघावी तसा. नोव्हेंबरात आम्ही गेलो तेव्हाही तसेच बसले होते. दामल्यांनी सुई दिली, नेहमीसारखी तीन ठिकाणी. डिसेंबरात वकीलसाहेब वारले. थंडीने, एका दिवसात.

जानेवारीत, चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर, बेगमसाहिबांचा निरोप आला की नगीनाला बघून जा. धुकं असं होतं की मला दामल्यांची पाठ दिसत नव्हती, फक्त कार्बोलिकचा वास पुढे चालला होता. बरामद्यात खुर्ची होती तिथेच होती, रिकामी. नगीना तिच्याशेजारी. बेगमसाहिबा पांढऱ्या कपड्यांत तख्तावर बसलेल्या. त्या उठल्या, नगीनाजवळ खाली बसल्या, जे त्यांना मी कधी करताना पाहिलं नव्हतं, आणि तिच्या मानेवरचे केस बाजूला केले.

तीन डाग होते. एक इकडे, दोन तिकडे.

“पहचाना आपने?”

दामले खाली वाकले.

“यह अंगूठा. ये दो उँगलियाँ. ऐसे ही पकड़ते थे. चालीसवें के दिन देखा मैंने.” मग थांबून म्हणाल्या, “कोई बीमारी तो नहीं है?”

“नहीं.”

“मुझे मालूम था.”

“बेगम साहिबा,” दामले म्हणाले, “मुझसे एक ग़लती...”

“आपने उनकी बच्ची की इतनी ख़िदमत की है. ग़लती का नाम इस घर में न लीजिए.”

आणि चहा आला.

परत येताना रायबरेली रोडवर दामल्यांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं पेट्रोल संपलं. ते उतरले, माझ्या मागे आले आणि म्हणाले, “इंजिनीअर, मान खाली करा.” मी केली. माझ्या मानेवर त्यांचा डावा हात आला. अंगठा आणि दोन बोटं, बर्फासारखी गार.

“मी कातडी अशी उचलतो. आणि बोटांच्या टोकाशी एकेक टोचा देतो. हे अंतर माझ्या हाताचं आहे हो. त्यांच्या हाताचं नाही. माझा हात आहे तो.” हात न काढताच ते म्हणाले, “आणि ती बाई रोज त्याला सलाम करत असणार.”

माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी मी वाढवून सांगतो. पण धुकं पडलं की अजून माझ्या मानेवर तीन ठिकाणी गार लागतं, यात एक शब्द वाढवलेला नाही.

त्यानंतर दामले दर गुरुवारी तिथे जायला लागले. काम काही नसायचं. स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे, परत यायचे. हात धुण्याचं वेड वाढलं. आमच्याकडे आले की दर दहा मिनिटांनी मोरीत. मे महिन्यात सुईची वेळ आली तेव्हा बेगमसाहिबाच म्हणाल्या, “वहाँ नहीं डॉक्टर साहब. वहाँ उनका हाथ है.” आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या. अडीच वर्षांनी पहिल्यांदा नगीनाला कागदात लिहिलेल्या जागी सुई मिळाली.

मानेवर सुई थांबली आणि व्हायचं तेच झालं. पावसाळा संपता संपता पांढऱ्यात काळे केस दिसू लागले. आधी एका बोटाच्या जागी, मग दुसऱ्या.

“हाथ हल्का हो रहा है,” बेगमसाहिबा म्हणाल्या. “मुझसे नाराज़ हैं क्या?” त्यांचं जेवण कमी झालं. नोकर सांगायचा की दिवसातून चार वेळा दिवा घेऊन नगीनाची मान बघतात. दिवाळीपर्यंत बाईंच्या गालाची हाडं दिसायला लागली.

नोव्हेंबरच्या एका रविवारी सकाळी दामले आमच्याकडे आले आणि मोरीत जाऊन परत आले.

“वहिनी, तीन टोचे. नुसता थेंब थेंब. अंगठा, दोन बोटं. दोन महिन्यांत ते परत येतील.”

“कोण परत येतील?” बायकोने विचारलं.

दामले परत मोरीत जाऊन हात धुऊन आले.

“आणि नगीना?”

“आठ वर्षांची झाली. इतकी वर्षं हे औषध. आता गर्भाशयात पू होण्याचं वय. मेची सुईसुद्धा द्यायला नको होती. आणखी देऊ नये.”

“मग तुमचं तुम्हीच सांगितलंत की.”

“त्या बाईला सांगितलं पाहिजे ना. तिला कसं सांगू? ती ऐकत नाही. आणि ऐकलं तर काय उरतं तिच्याकडे?”

दामले आणि मी हज़रतगंजला गेलो. मी नगीनाला धरलं. दामल्यांनी काखेतली बाटली काढली, हलवली, सिरिंज भरली. डाव्या हाताने मान उचलली, अंगठा आणि दोन बोटं, बरोबर त्या फिकट होत चाललेल्या तीन जागांवर. बेगमसाहिबांनी या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही. ‘वहाँ नहीं’ असंही म्हणाल्या नाहीत. त्या नुसत्या त्या हाताकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात अशी काही भूक होती की मीच मान वळवली.

बराच वेळ झाला. सुई आत जाते तेव्हा कुत्रीच्या अंगातून एक बारीक शहारा माझ्या हातांना कळतो. तो आला नाही. मी वळून पाहिलं तर सिरिंज ट्रेमध्ये होती, औषध तसंच. दामले गुडघ्यांवर बसून बोलायला लागले होते. मराठीत.

सगळं सांगितलं. बैठक, दुपट्टा, मान, कागद. हे डाग माझ्या सुईचे आहेत, बाई. तुमच्या यजमानांचे नाहीत. हे अंतर माझ्या बोटांचं आहे. मी भित्रा आहे. पहिल्या दिवशी ट्रे परत गेला तेव्हा मला स्वतःची लाज वाटली आणि मी तुमच्या मुलीची मान खराब केली. आता परत टोचून मी तुम्हाला ते आणून देऊ शकतो, पण त्यात हिचा जीव जाईल, म्हणून नाही देत. चुकलं माझं. चुकलं. एवढा दांडगा आवाज, पण नगीनाचे कानसुद्धा हलले नाहीत, इतकं हळू.

बेगमसाहिबांनी एक शब्दही न समजता सगळं ऐकून घेतलं. मध्ये चहा बोलावला नाही. दामले थांबले तेव्हा त्यांची दाढी ओली होती.

“ज़बान मैं नहीं समझी,” त्या म्हणाल्या. “मगर आप रोए हैं, तो बात सच्ची होगी.” मग माझ्याकडे वळल्या. “इंजीनियर साहब, आप समझे हैं. मुझे इसका तर्जुमा नहीं चाहिए.”

मी मान हलवली. मी, ज्याला कोणतीही गोष्ट पानवाल्यापर्यंत नेल्याशिवाय झोप येत नाही.

“सुई अब नहीं लगेगी,” दामले म्हणाले.

“और वो जो फाटक पर आते हैं?”

“मैं बैठूँगा.”

आणि खरोखर बसले. नगीना हीटवर आली की तीन आठवडे, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, दामले त्या बरामद्यात काठी घेऊन. हज़रतगंजच्या मागच्या सगळ्या गल्ल्यांतले कुत्रे फाटकाशी जमायचे. दामले खेचरांचा आवाज लावायचे आणि कुत्रे गोमतीपलीकडे जाऊन उभे राहायचे, असं मी त्या काळी सर्वांना सांगत असे. जे काम एक सुई करत होती, ते हा साठीचा माणूस वर्षातून दोनदा स्वतः बसून करू लागला. इतर घरांत त्यांनी सुई द्यायचं बंद केलं. “ऑपरेशन करा, नाहीतर माझ्यासारखं बसा,” म्हणायचे. बहुतेकांनी डॉक्टर बदलला.

पहिल्या वर्षी ते स्टुलावर बसले. बेगमसाहिबांनी खुर्चीकडे हात केला तर नाही म्हणाले. दुसऱ्या वर्षीचं मला माहीत नाही. माझी बदली ठरली होती, सामान बांधण्यात रविवार जात होते, आणि दामले आमच्याकडे यायचे बंद झाले होते. बायको दोनदा म्हणाली, “भावजींना जेवायला बोलवा एकदा.” मी एसटीडी बूथवरून तेलीबागेला फोन लावला, कोणी उचलला नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी वकीलसाहेबांच्या कोठीकडे गेलो. फेब्रुवारी होता, सूर्य अजून झाडांवर. फाटकाशी तीन-चार कुत्रे बसले होते, नेहमीसारखे धावपळीत नाही, शांत. माझ्या हातात बायकोने दामल्यांसाठी दिलेला लाडवांचा डबा.

बरामद्यात दामले वेताच्या खुर्चीत बसले होते. काठी मांडीवर आडवी. खांद्यावर ती रुंद काठाची तपकिरी शाल. नगीना शेजारी. तिचं तोंड म्हातारीसारखं पांढरं झालेलं, पण मान पूर्ण काळी, एक केसही पांढरा नाही. तिच्या मानेवर दामल्यांचा डावा हात. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या.

मी फाटकाच्या कडीला हात घातला.

आतून बेगमसाहिबांचा आवाज आला. घरातला, सवयीचा, जरा रागावलेला. “वकील साहब, चाय ठंडी हो रही है.”

मी वाट पाहिली. दामले हसतील, मान वळवून मिरजेच्या हेलात काहीतरी बोलतील, निदान खाकरतील. त्यांनी हात हलवला नाही.

“जी,” ते म्हणाले. शब्द निवडून, अगदी हळू. “आते हैं.”

मी कडी तशीच सोडली. लाडवांचा डबा घेऊन मानकनगरला परत आलो. बायको शेवटची ट्रंक आवळत होती.

“भेटले का भावजी?”

“नव्हते,” मी म्हटलं.